हात क्लबचा, पोरगा आमच्याकडे

पैलवान आमच्या दारात उभा राहिला तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि त्याच्या अंगात एक पातळ जाकीट होतं. २०१८ चा एप्रिल. आयोवातला तो एप्रिल इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. थंडी हटायला तयार नव्हती आणि बेसबॉलचे सामने एकामागून एक पुढे ढकलले जात होते. सहा फूट तीन इंच उंची, वय एकवीस, उजवा हात खिशात, डाव्या हातात भलीमोठी बॅग. मी बॅग घ्यायला पुढे झाले तर त्यानं दिली नाही, आणि तिचं वजन पेलत नसूनही हात काही बदलला नाही. तो बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. उजव्या हातानं ओझं उचलायचं नाही, ही सवय त्याला सतराव्या वर्षापासून लावलेली होती.

त्याचं नाव मी लिहीत नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम होती, आणि परगावची पोरं तिथं राहून खुराकावर, जोर-बैठकांवर वाढताना मी लहानपणी पाहिली होती. कुणाचा बाप महिन्यातून एकदा तूप-बदाम घेऊन यायचा, कुणाचा यायचाच नाही. हा त्याच कुळीतला वाटला, म्हणून पहिल्याच आठवड्यात आमच्या घरात त्याचं नाव पैलवान पडलं. तो मला 'दोन्या' म्हणायचा. स्पॅनिशमध्ये घरातल्या मोठ्या बाईला मानानं तसं म्हणतात. नवरा ते ऐकून दोन दिवस हसत होता.

आम्ही राहतो त्या भागाला क्वाड सिटीज म्हणतात. नावात चार आहेत, मोजली तर गावं पाच भरतात: मिसिसिपीच्या एका काठाला डेव्हनपोर्ट आणि बेटनडॉर्फ, दुसऱ्या काठाला रॉक आयलंड, मोलीन आणि ईस्ट मोलीन. मोलीन म्हणजे जॉन डियरचं मुख्यालय, आणि पुण्याच्या मगरपट्ट्यातून इथं आलेली मराठी घरं बऱ्यापैकी आहेत. आम्ही त्यातलेच. डेव्हनपोर्टला नदीच्या अगदी काठावर मॉडर्न वुडमेन पार्क नावाचं बेसबॉलचं मैदान आहे. १९३१ सालचं, शेजारी उंच पाळणा, मागे सेंटेनियल पूल. तिथं रिव्हर बँडिट्स नावाचा संघ खेळतो. हा मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यांत वरच्या पायरीचा, संघ नाही. मेजर लीगच्या क्लबांची पोरं ज्या पायऱ्या चढत वर जातात, त्यातली ही खालून दुसरी-तिसरी पायरी.

या पोरांना ठेवून घेणारी घरं संघाला लागतात, हे नवऱ्याला ऑफिसात कळलं. आम्ही अर्ज भरला. आमची पार्श्वभूमी तपासली गेली, मग एक बाई येऊन तळघरातली खोली बघून गेल्या. अटी साध्या होत्या: पलंग, न्हाणीघर, फ्रिजमध्ये एक फळी, कपडे धुवायचं यंत्र, वायफाय. पैसे मिळणार नाहीत, हंगामभराची तिकिटं मिळतील. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "परका पोरगा घरात, तोही फुकट? आणि त्याचे एवढे मोठे क्लब काय करतात मग?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी या पायरीवरच्या खेळाडूला आठवड्याला २९० डॉलरच्या आसपास पगार मिळायचा, त्यातून कर वजा. तोही फक्त हंगाम चालू असताना. वसंतातल्या सरावाच्या महिन्याला पगार नाही, हिवाळ्यात नाही. बाहेरगावी सामना असला की जेवणाखाणाला दिवसाला २५ डॉलर. एवढ्यात भाड्याची खोली परवडणं शक्य नव्हतं, म्हणून गावोगावच्या तळघरांवर हा धंदा चालला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या संसदेनं खर्चाच्या एका भल्यामोठ्या विधेयकात घुसवून या खेळाडूंना ओव्हरटाइमच्या कायद्यातून वगळलं होतं. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पोरगा रात्री साडेअकराला घरी येतो आणि उभ्या-उभ्या फ्रिजमधलं थंड दूध पितो.

दुसऱ्या रात्री मी भात लावून ठेवला.

वरणभात-तूप बघून तो थबकला. वरणाला त्यानं डाळ म्हटलं नाही, काळ्या घेवड्याला त्यांच्याकडे जो शब्द आहे तो म्हटला, आणि दोन ताटं संपवली. त्यांच्याकडे रोज दुपारी भात, घेवड्याची पातळ उसळ आणि मटण किंवा कोंबडी असं जेवण असतं. पुढे मी कच्च्या केळ्याची कापं तळली तेव्हा तर तो स्वयंपाकघरात येऊन उभाच राहिला. त्यांच्याकडे ती दोनदा तळतात, मध्ये एकदा चेपून. तिखट मात्र त्याला मुळीच चालायचं नाही. तांबड्या रश्शाच्या पहिल्याच घोटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कोल्हापूरकडची म्हणून माझी थोडी मानहानीच झाली. पांढऱ्या रश्शावर तडजोड झाली. हातानं जेवायला मी शिकवलं. आधी लाजला, मग म्हणाला, चेंडूची शिवण बोटांना जशी कळते तसा भात कळतो.

तो डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरीसचा. गाव ऊस आणि साखरेच्या गिरण्यांचं. गिरण्यांतल्या कामगारांनी तिथं बेसबॉल वाढवला, आणि सॅमी सोसा, रॉबिन्सन कानो असे मोठमोठे फलंदाज त्या एका गावातून निघाले. पैलवानाचे आजोबा गिरणीत होते. एके दिवशी मी फोनवर आमच्याकडचा साखर कारखाना दाखवला आणि नाकाला पदर लावल्याची खूण केली. तो ओरडलाच. मळीचा वास! पावसाळ्याच्या तोंडाला अंगणात भरून राहणारा तो आंबूस वास जगात आणखी कुठंतरी कुणाच्या लहानपणात आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर तो पाहुणा राहिला नाही.

तिथल्या पोरांची तालीम कशी चालते हे त्यानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा मागे पडते. गावातला एखादा माणूस पोरं हेरतो, त्यांना खाऊ-पिऊ घालतो, सराव करून घेतो. सोळा वर्षं पुरी झाली की क्लब करार करू शकतो, आणि करार झाला की बोनसच्या रकमेतला चौथा-तिसरा हिस्सा त्या वस्तादाचा. तीसच्या तीस मेजर लीग क्लबांच्या तिथं अकादम्या आहेत. पैलवानाचा करार सतराव्या वर्षी झाला. "म्हणजे लवकरच की," मी म्हणाले. तो हसला. तिथं सतरा म्हणजे म्हातारा. बोनस दहा हजार डॉलर. हिस्सा जाऊन उरलेल्यात आईच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला. मग दोन उन्हाळे तिथल्याच लीगमध्ये, एक उन्हाळा फ्लोरिडात नवख्यांच्या लीगमध्ये, आणि आता इथं. मला वाटायचं, करार झाला म्हणजे पोरगा मार्गी लागला. करार म्हणजे तालमीत पथारी टाकायला मिळालेली जागा होती, एवढंच.

माझ्या नवऱ्याशी त्याचं जमलं ते व्हिसावरून. नवऱ्याचा एच-वन, ग्रीनकार्डाची कधी न हलणारी रांग. पैलवानाचा पी-वन, जो २००६ च्या कायद्यानंतर या पोरांना मिळायला लागला. दोघांचाही व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. मालकानं काढलं की परत. रात्री बारा वाजता हे दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून, दोघंही दुसऱ्याच्या भाषेत, कागदपत्रांवर बोलत बसायचे.

खेळ मला नवऱ्यानं समजावला, आणि चुकीचा समजावला. तो कॉलेजात लेगस्पिन टाकायचा, म्हणून त्याला वाटायचं पिचर म्हणजे फुलटॉस टाकणारा गोलंदाज. पैलवानानं ते निमूट ऐकून घेतलं आणि मग परसात साठ फूट सहा इंच मोजून खूण केली. आपल्या बावीस यार्डांपेक्षा साडेपाच फूट कमी. टप्पा नाही, पळत येणं नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर एका जागी उभं राहून, एक पाऊल पुढे टाकत, कोपर वाकवून फेक. चेंडूला टप्पा मिळत नाही, म्हणून जे काही वळवायचं ते बोटांतून सुटतानाच. शिवण खाली-वर कशी धरली, मधलं बोट किती दाबलं, यावर चेंडू तरंगल्यासारखा येतो, आत शिरतो किंवा ऐन वेळी बुडतो. त्याचा फास्टबॉल ताशी ९४-९५ मैलांचा होता, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर. पण खरी चीज होती चेंजअप: हात तसाच, वेग तेवढाच वाटायला लावणारा, आणि चेंडू दहा मैलांनी हळू. फलंदाज आधीच फिरून मोकळा.

त्यानं एक चेंडू मला दिला होता, तो अजून फडताळात आहे. लाल दोऱ्याचे टाके मी मोजले. दुहेरी एकशे आठ. कारखान्यात असेच घालतात म्हणे, प्रत्येक चेंडूला एकशे आठ. आमच्या आजीच्या माळेत मणी तेवढेच.

मोजणं हा त्या घरात आलेला नवा छंद होता. त्याला सामन्यात साधारण ७५ चेंडूंची मुभा होती. ७५ झाले की खेळ कितीही रंगात असो, मॅनेजर येऊन चेंडू काढून घेणार. इनिंगचा, म्हणजे सामन्यातल्या एकेका छोट्या डावाचा, हिशेब वेगळा. दोन सामन्यांच्या मधल्या सरावात किती चेंडू, कुठल्या जातीचे किती, किती वेगाने, चेंडू मिनिटाला किती गिरक्या घेतो, हे सगळं कॅमेऱ्यात आणि यंत्रात. तो घरी आला की मी विचारायची, "किती झाले?" तो म्हणायचा, "सदुसष्ट." सहा तास झोप झाली का, पोटात अन्न आहे का, आईचा फोन आला का, हे त्या यंत्रात येत नव्हतं. क्लबला हात हवा होता. हाताला जोडलेला बाकीचा पोरगा आमच्या तळघरात झोपायचा.

ज्या दिवशी त्याची फेकण्याची पाळी, त्या दिवशी घरात कर्फ्यू. सकाळपासून तो बोलायचा नाही, आमचा मुलगा दबक्या पावलांनी फिरायचा. एप्रिलच्या शेवटी अशाच एका सकाळी मी कांदेपोहे केले होते. त्यानं संध्याकाळी पाच इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. झालं, पोहे कायम. सहा दिवसांनी पुन्हा पोहे, पुन्हा चांगला गेला. तिसऱ्या वेळी मी शेंगदाणे घालायला विसरले तर त्यानं बशी परत आणून माझ्यापुढे ठेवली आणि बोटानं दाखवलं. मग क्लिंटनला, इथून पाऊण तासावर, त्याची दोन इनिंगमध्ये धुलाई झाली आणि पोह्यांना कायमचं बडतर्फ करण्यात आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही.

बसचे प्रवास मात्र मी कधी विसरणार नाही, जरी मी एकही केला नाही. मिशिगनमधलं मिडलंड किंवा ओहायोतलं ईस्टलेक म्हणजे एकेका बाजूनं सात-आठ तास. रात्री सामना संपवून निघायचं, पहाटे पोहोचायचं, संध्याकाळी पुन्हा मैदानात. ही पोरं बसच्या सीटखाली, दोन रांगांच्या मधल्या वाटेत अंथरूण घालून झोपायची. तळघरातल्या दुसऱ्या पलंगावर टेक्सासचा एक कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा, होता, मोठ्या रकमेला करार झालेला, स्वतःचा पिकअप ट्रक असलेला. मे महिन्यात एका दुपारी त्याला फोन आला आणि चाळीस मिनिटांत तो वरच्या पायरीच्या संघाकडे निघूनसुद्धा गेला. चादर अर्धी जमिनीवर. पैलवानानं ती घडी घालून ठेवली. आता मैदानापर्यंत त्याला मी सोडायला लागले.

आणि आता मला ती गोष्ट लिहिली पाहिजे, जी मी इतकी वर्षं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो जेवताना चमचा घेऊन बसला. वरणभात चमच्यानं, आणि चमचा डाव्या हातात. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की मला कळलंय. "दोन्या," तो म्हणाला, "कुणाला सांगू नका." दुखणं कोपराच्या आतल्या बाजूला होतं, करंगळीपर्यंत मुंग्या यायच्या. रात्री तो बर्फाची पिशवी बांधून झोपायचा, पण बर्फ सगळेच पिचर लावतात म्हणून मला त्यात नवल वाटलं नव्हतं. सांगितलं तर बसवतील. बसवलं तर जागा दुसऱ्याला जाईल. दहा हजारांच्या पोरासाठी कुणी थांबत नाही, लाखांच्या पोरासाठी थांबतात. हे तो रडून सांगत नव्हता, बाजारभाव सांगावा तसं सांगत होता.

खेळाडूच्या तब्येतीत घरानं पडायचं नाही, असा दंडक होता. त्याच्या आड मी लपले. खरं कारण हे की त्यानं माझ्यावर विश्वास टाकला होता आणि तो मोडायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या पोटच्या पोरानं असं सांगितलं असतं तर मी कानाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. याला मी हळदीचं दूध दिलं. हळदीचं दूध!

आठ दिवसांनी आम्ही स्टँडमध्ये बसलो होतो. चौथी इनिंग. फलकावर प्रत्येक चेंडूचा वेग दिसतो: ९३, ९४, ९२. मग ८८. मग ८६. पुढचा चेंडू कॅचरच्या डोक्यावरून मागच्या जाळीत गेला. पैलवानानं हात खाली सोडून झटकला, जसा आपण थर्मामीटर झटकतो. ट्रेनर पळत आला. बाहेर जाताना तो रेषेवर पाय न देता ओलांडून गेला, नेहमीसारखाच, तो शकुन त्यानं तेव्हाही पाळला. फलकावर चेंडूंचा आकडा ४९ होता. म्हणजे मुभेच्या आत.

एमआरआयमध्ये कोपरातला अस्थिबंध फाटलेला निघाला. त्यावर जी शस्त्रक्रिया होते तिला टॉमी जॉन म्हणतात, डॉक्टरच्या नव्हे, रोग्याच्या नावानं. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटातली एक कंडरा काढून बसवली. तोवर हा अस्थिबंध फाटला की पिचर संपला, असंच होतं. टॉमी जॉन १९७६ मध्ये परत आला आणि नंतर १६४ सामने जिंकून शेहेचाळिसाव्या वर्षी थांबला. पैलवानाला हे आकडे पाठ होते. मनगटातली ती कंडरा सगळ्यांना नसते, आणि नसली तरी काही अडत नाही. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवलं की मध्ये दोरीसारखी वर येते. त्या रात्री आम्ही चौघं टेबलाशी बसून मनगटं वाकवत होतो. माझ्या नवऱ्याला नाही निघाली. मुलानं त्याला "बाबा, तुम्ही पिचर होऊ शकत नाही" म्हटलं आणि आठवड्यात पहिल्यांदा पैलवान हसला.

मी लवकर बोलले असते तर अस्थिबंध वाचला असता का? त्यानंच मला नंतर समजावलं की तो असा एका दिवसात जात नाही, हजारो फेकींत धाग्याधाग्यानं उसवतो. खरंही असेल ते. पण त्या आठ दिवसांत दोन सामने होते.

जूनच्या अखेरीला शस्त्रक्रिया झाली, खर्च क्लबचा. पुढचं वर्ष तो फ्लोरिडात क्लबच्या सराव केंद्रात. या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, आणि बहुधा तेच त्याचं दुखणं होतं. सकाळी कोपर सरळ करण्याचे व्यायाम, दुपार रिकामी. साडेचार महिन्यांनी पहिल्यांदा चेंडू हातात, ४५ फुटांवरून पंचवीस हळुवार फेकी. मग ६०, मग ९०. रविवारी फोन आला की मी विचारायची, "किती?" आणि तो फूट सांगायचा. चुलीवरचा भात मोजून घालावा तसं चाललं होतं. जानेवारीत एका रात्री त्यानं व्हिडिओ पाठवला: त्याच्या गावचा संघ, एस्त्रेयास ओरिएंतालेस, एकावन्न वर्षांनी डोमिनिकन लीग जिंकला होता. सान पेद्रोत माणसं ट्रकच्या टपावर नाचत होती. हा फ्लोरिडात एकटा, हॉटेलच्या खोलीत.

मग २०१९. ते वर्ष पाण्याचं. मेच्या सुरुवातीला मिसिसिपीनं डेव्हनपोर्टला २२.७ फुटांची पातळी गाठली, १९९३ च्या महापुरापेक्षाही थोडी वर. त्याआधी दोन दिवस गावातला तात्पुरता बंधारा फुटून बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. मैदानाभोवती पुराची भिंत आहे, त्यामुळे आतली हिरवळ कोरडी आणि चहूबाजूंनी नदी, असं ते बेट झालं. संघ दुसऱ्या गावांत जाऊन 'घरचे' सामने खेळत होता. जुलैच्या शेवटी पैलवान परत आमच्याकडे आला. दंडावर नाही, कोपराच्या आतल्या बाजूला चार बोटं लांब व्रण. आता तो सुरुवातीचा पिचर नव्हता, एकेक इनिंग टाकायला मधेच येणारा. मुभा तीस चेंडूंची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा-पंचगंगेला पूर आला. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. आई-वडील शेजाऱ्यांच्या गच्चीवर, फोन बंद. इथली रात्र म्हणजे तिकडचा दिवस, म्हणून मी रात्रभर स्वयंपाकघरात बातम्या बघत बसायची. सामना संपवून आलेला पैलवान एकदाही खाली झोपायला गेला नाही. समोरच्या खुर्चीत बसून राहायचा. तो एक वर्षाचा असताना, १९९८ मध्ये, जॉर्ज नावाच्या चक्रीवादळात त्यांच्या घरावरचे पत्रे उडाले होते. आईनं त्याला टबात घालून वर धरलं होतं म्हणे. तिसऱ्या रात्री त्यानं भात लावला. पाणी जास्त झालं होतं, पण लावला. चौथ्या दिवशी बोटीतून काढलेल्या आईचा दुसऱ्याच्या फोनवरून आवाज आला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते आणि तो टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. उजवा हात मात्र झोपेतही उशीसारख्या घडी केलेल्या टॉवेलवर.

त्या महिन्यात एकदा मी त्याला माझ्या डोळ्यांनी पुन्हा चेंजअप टाकताना पाहिलं. आठवी इनिंग, दोन खेळाडू बेसवर. फलंदाज इतका आधी फिरला की त्याचं हेल्मेट पडलं. पैलवान उंचवट्यावरून उतरताना आमच्या बाजूला बघून दोन बोटांनी भात कालवल्याची खूण करून गेला. २ सप्टेंबरला नियमित हंगाम संपला. त्याच दिवशी गणेशचतुर्थी होती. त्यानं सकाळी आरतीला टाळ वाजवले, बेताल, आणि अकरा मोदक खाल्ले.

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे सराव शिबिरं बंद पडली आणि पोरांना घरी पाठवलं. मेच्या अखेरीला क्लबांनी शेकड्यांनी खेळाडू कमी केले. ३० जूनला तर त्या वर्षीचा सगळा हंगामच रद्द झाला, पण तोवर त्याला निरोप मिळून महिना झाला होता. फोन दोन मिनिटांचा. वय तेवीस.

त्याच्या पायऱ्याही राहिल्या नाहीत. त्या वर्षाअखेर मेजर लीगनं खालच्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, पोह्यांची नोकरी गेली ते क्लिंटनही त्यात गेलं. २०२२ पासून क्लबांनीच पोरांची राहायची सोय करायची असं ठरलं. २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला आणि त्या पायरीवरचा वर्षाचा पगार २६,२०० डॉलर झाला. सासूबाईंना मी मुद्दाम फोन करून सांगितलं. "मग झालं की," त्या म्हणाल्या, "तुझ्या पैलवानाला मिळाले का?"

तळघरातली खोली आता मुलाची अभ्यासाची झाली आहे. भिंतीला एका ठिकाणी पोचा आहे, रात्री झोप येत नसली की तो मऊ चेंडू भिंतीवर टाकायचा तिथं. रंग देताना मी ती जागा तशीच ठेवायला सांगितली. मुलगा शाळेच्या संघात पिचिंग करतो. कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, कसा टाकायचा हे त्यानं पैलवानाला फोनवर विचारलं, तेव्हा उत्तर आलं: दाढी येईल त्या दिवशी विचार.

मागच्या वर्षी एका रविवारी मी फोन केला तर मागे पोरांचा गलका चालू होता. तो सान पेद्रोत आहे, दिवसा एका गोदामात काम करतो. गल्लीत ते विटिया खेळत होते: पाण्याच्या मोठ्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. झाकण हवेत कसंही वळतं, त्याला टोलवणं महाकठीण. फोन कुणाच्या तरी हातात देऊन तो मला दाखवायला फेकायला लागला. अनवाणी, रस्त्याच्या मधोमध, उजव्या हातानं. एक पोरगं झुकलं, दुसरं बसलंच. बराच वेळ फेकत होता. मग घाम पुसत फोनपाशी आला.

सवयीनं मी विचारलं, "किती झाले रे?"

"मोजले नाहीत, दोन्या," तो म्हणाला, आणि पोरांनी हाक मारली म्हणून परत पळाला.